हिरे छान दिसणारी खोली

समजा, तुम्ही एका रिकाम्या खोलीत उभे आहात. समोरच्या भिंतीवर रंगाऱ्याने वीतभर अंतर ठेवून दोन चौकोन रंगवले आहेत. दोन्ही पांढरेच म्हणायचे, पण चुन्यासारखे पांढरेफटक नाहीत. चिमूटभर राख कालवल्यासारखे, मवाळ. डावीकडच्या चौकोनाखाली पेन्सिलीने 'एक' लिहिलंय, उजवीकडच्याखाली 'दोन'. सकाळचे साडेदहा वाजलेत, उत्तरेची खिडकी उघडी आहे, आणि यातला कुठला रंग खोलीला लावायचा एवढंच तुम्ही सांगायचं आहे. आधी वाटेल, यात फरक काहीच नाही. थोडा वेळ बघत राहिलात की वाटेल, एक नंबर जरा मळका आहे. मग वाटेल, तो मळका नसावा, दोन नंबरच जास्त थंड असावा. मग डोळे चोळाल आणि दोन्ही पुन्हा सारखे दिसू लागतील. तुमच्या-माझ्यासारखा माणूस इथे 'लावा कुठलाही' म्हणून चहाला निघून जाईल.

रसीलाबेनला तसं निघून जाता येत नव्हतं. पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक ओळखणं हीच तिची रोजीरोटी होती.

सुरतेत वराछा रोडच्या एका गल्लीत गोरधनभाईंचा हिऱ्यांचा कारखाना आहे. दुसऱ्या मजल्यावर हिरे घासले जातात आणि तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, घासलेल्या हिऱ्यांचा रंग ठरतो. लांबून बघाल तर सगळे हिरे पांढरे. पण दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटे ठेवून कडेने पाहिले, की कुणात पिवळेपणाची पुसट झाक दिसते, कुणात त्याहून पुसट. त्या झाकेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. एक पायरी चुकली की मुंबईच्या बाजारातून हिऱ्यांची पुडी परत येते.

त्या खोलीत आठ जण बसायचे. शेवटचा हात, म्हणजे रंगाचा अखेरचा निर्णय, लवजीकाकांचा. लवजीकाका गोरधनभाईंच्या वडिलांपासूनचे, म्हणून शेठना ते सगळ्यांसमोर 'गोरधन' म्हणायचे आणि शेठ त्यांना 'काका'. खोलीचे कायदेही काकांचेच. आत रंगीत कपडा चालायचा नाही, सगळ्यांनी वरून पांढरा कोट घालायचा. एकदा शेठ भाच्याच्या साखरपुड्याहून थेट आले, लालभडक झब्बा घालून. काकांनी मान वर न करता सांगितलं, "गोरधन, झब्बा बाहेर ठेव, मग तू आत ये." हिरा म्हणजे आरसा, असं काका म्हणायचे. आजूबाजूला जे असेल ते तो उचलतो. लाल झब्बा असेल तर लाल, भिंत असेल तर भिंत. आपल्याला बघायचा असतो नुसता हिरा.

रसीला चौदा वर्षांपूर्वी या खोलीत आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचं भरतकामाचं मशीन नुकतंच बंद पडलं होतं. काकांनी पहिले पंधरा दिवस तिला हिरा दाखवलाच नाही. पाण्याचे दहा पेले मांडायचे, त्यात चहाचे थेंब टाकायचे, एकात एक, दुसऱ्यात दोन असे दहापर्यंत. मग तिला पाठ फिरवायला लावून पेले हलवायचे आणि म्हणायचे, लाव पुन्हा रांगेत. खोलीतले पुरुष हसायचे. कुणी म्हणायचं, काका, आमचा चहा पातळ का होतो ते आज कळलं. सोळाव्या दिवशी तिने दहाही पेले बरोबर लावले आणि काकांनी चिमटा तिच्या हातात दिला. तेव्हापासून ती 'काकांची रसीला' झाली. तिच्या हातून एखादी अवघड पुडी बरोबर निघाली तरी लोक म्हणायचे, असणारच, काकांची आहे ना. सुरुवातीला तिला ते गोड वाटायचं. अलीकडे तसं वाटेनासं झालं होतं.

दिवाळीत वराछा रोड ओस पडतो. तीन आठवडे कारखाने बंद, सगळे आपापल्या गावी, सौराष्ट्रात. खोल्यांना रंग द्यायचा तो याच दिवसांत. त्या वर्षी रसीला सुरतेतच राहिली होती, कारण सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून शेठनी गावाहून फोन करून रंगाचं काम तिच्यावर टाकलं. जुना रंग बनवणाऱ्या कंपनीने तो बंद केला होता. रंगारी दैतारी त्याच्या जवळपासचे दोन घेऊन येणार होता. शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, की लाकडाच्या दोन फळ्यांवर दोन्ही रंग मारून रात्रीच्या लक्झरी बसने काकांच्या गावी पाठव, ते सकाळच्या उजेडात बघून सांगतील तो लाव.

यात नवल काही नव्हतं. सुरतेहून गावाकडे जाणाऱ्या बसमधून लोक औषधं पाठवतात, लग्नाच्या पत्रिका पाठवतात, मिक्सरची भांडी पाठवतात. ड्रायव्हरला नाव आणि फोन नंबर दिला की वस्तू पोचते.

दैतारी ओडिशाचा, गंजामकडचा. कार्तिक पौर्णिमेला त्याला घरी पोचायचं होतं आणि त्याच्या गाडीला चार दिवस उरले होते. त्याने भिंतीवर दोन चौकोन काढले, शेठच्या सांगण्याप्रमाणे दोन फळ्याही रंगवल्या आणि रसीला भिंतीसमोर पाऊण तास उभी राहिल्यावर तो म्हणाला, "बेन, हे दोन वेगळे रंग आहेत असं माझ्या बायकोला सांगितलं, तर ती आपल्या दोघांना एकाच दवाखान्यात नेईल."

रसीला हसली. पण तिला फरक दिसत होता. तो नेमका कुठे आहे हे ठरवायला तिच्याजवळ हिरा नव्हता, सगळा माल सुट्टीभर तिजोरीत. मग तिने नाकातली चुनी काढली. पांढऱ्या सोन्यातला एवढासा हिरा, काकांनीच पूर्वी कुठल्याशा पुडीतून निवडून दिलेला. त्यात किंचित पिवळेपणा होता. चौदा वर्षं ती दुसऱ्यांचे शुभ्र हिरे हाताळत होती आणि आरशात रोज तो पिवळेपणा बघत होती. तिने चुनी एक नंबरच्या चौकोनाला भिडवून धरली. नेहमीसारखीच दिसली, जराशी पिवळी. दोन नंबरला भिडवली आणि पिवळेपणा गेला. चुनी स्वच्छ, थंड, पाण्यासारखी. इतकी छान ती कधीच दिसली नव्हती.

तिचा जीव तिथेच अडकला. ज्या रंगात हिरा इतका उघड दिसतो तोच रंग बरोबर, असं तिला मनापासून वाटलं.

फळ्या तिने वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळी बांधली, वर काकांचं नाव आणि गावाचं नाव लिहिलं. संध्याकाळी बस जिथून सुटते तिथपर्यंत गेलीसुद्धा. ड्रायव्हर बॅगा टपावर चढवत होता. तेवढ्या वेळात तिच्या मनाने सगळी कारणं गोळा केली. फळ्या जायला एक रात्र, काकांचा फोन यायला आणखी एक दिवस, मग दैतारीची गाडी चुकणार. काकांच्या घरी नातीच्या लग्नाची गडबड. आणि फरक तर तिला दिसतच होता. चौदा वर्षांनी एक भिंत आपली आपण ठरवली तर काय बिघडलं? पुडकं काखेत धरून ती परत आली. शेठनी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकांनी दोन नंबर सांगितला."

इतकं सोपं वाक्य. पुढे अनेकदा तिला वाटलं, की अडखळले असते तरी बरं झालं असतं.

दैतारीने दोन दिवसांत खोली रंगवली. फक्त पूर्वेच्या भिंतीवरच्या खोडियार माताजींच्या फोटोला त्याने हात लावला नाही. फोटो वर्षातून एकदा, माघ महिन्यात माताजींच्या जयंतीला, आंघोळ केलेल्या माणसाने उतरवायचा अशी तिथली रीत. त्याने फोटोच्या चौकटीला कागद चिकटवला आणि चारी बाजूंनी रंग मारून घेतला.

लाभपंचमीला कारखाना उघडला. एकमेकांना साल मुबारक झालं, पेढे झाले. काका जिना चढून वर आले आणि उंबऱ्यातच थांबले. शेठ मागून म्हणाले, "घ्या काका, तुमच्या पसंतीचा रंग." काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग रसीलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि हातातला पेढा हातातच चुरडला. काका म्हणाले, "हो, माझ्याच पसंतीचा." आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. त्यावर ते नंतर एक शब्द बोलले नाहीत. दुपारी तिने काही सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पुडी पुढे सरकवली आणि म्हणाले, आधी हे बघ.

त्या खोलीत हिरे खरोखरच छान दिसायला लागले. सगळ्यांची मनं प्रसन्न. हा माल चढता लागलाय, असं एक-दोघं बोललेही. महिनाभराने पहिली पुडी परत आली, रंग एक पायरी खाली आहे असा निरोप घेऊन. मग दुसरी. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास एकाच आठवड्यात तीन. शेठनी नमुन्याचे हिरे बाहेर काढले. एरवी कुणी ते काढत नसे, सगळे नजरेवर चालायचे, नमुना काढायचा तो वाद झाला तरच. परत आलेले हिरे नमुन्याशेजारी ठेवले आणि दर वेळी बाजारवाल्यांचंच खरं निघालं.

शेवटचा हात काकांचा, तेव्हा बोलणंही काकांवरच आलं. समोर कुणी काही म्हणत नव्हतं. पण जेवायच्या वेळी, रोटला आणि वांग्याचं भरीत खाताना, वय किती असेल काकांचं असं एकाने विचारलं आणि बाकीचे ताकाच्या पेल्यात बघत राहिले. शेठनी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, अजून कोवळा. या वयात असायचाच. काका खोलीत येऊन म्हणाले, "चला, आता मला मोत्यांचा धंदा करायला हरकत नाही." सगळे हसले. रसीलाने हातातली पुडी पुन्हा उघडली.

माताजींच्या जयंतीला सकाळी तिनेच फोटो उतरवला. मागच्या भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन राहिला होता, दीड हात लांब. ती बघत राहिली. मग तिने फोटो टेबलावर ठेवला, नाकातली चुनी काढली आणि त्या चौकोनात धरली. पिवळसर. चौकोनाबाहेर नव्या भिंतीशी धरली. शुभ्र. तिने तीनदा करून पाहिलं आणि तिला सगळं कळलं. नव्या रंगात निळ्याचा एक थेंब जास्त होता. तो निळा खिडकीच्या उजेडात मिसळून टेबलावर उतरत होता आणि हिऱ्यातला पिवळा झाकत होता. हिरा चांगला दिसतो म्हणून तिने भिंत निवडली होती, आणि हिरा चांगला दिसणं हाच त्या भिंतीचा दोष होता. काकांची जुनी भिंत कुठल्याच हिऱ्याला काही देत नव्हती, म्हणून तर ती भिंत होती.

पहिल्यांदा तिला झाला तो आनंद. काकांचे डोळे ठीक आहेत, चूक भिंतीची आहे. आरतीला शेठ आणि सगळे जमले होते, काका हातात घंटा घेऊन उभे होते, तिथेच ती म्हणाली, "शेठ, भिंत चुकली आहे." तिने चुनी धरून दाखवली. शेठ स्वतः जुने पारखी, त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग ते काकांकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, हा रंग तुम्ही बघून सांगितला होतात ना?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंत काकांनी निवडली, असं शेठना तिनेच सांगितलेलं होतं. तेव्हा भिंत चुकली याचा अर्थ शेठच्या हिशेबी एकच, मोतीबिंदूपायी काकांना निळं दिसेनासं झालंय. ती काकांना सोडवायला गेली होती आणि तिच्याच हातून गाठ आवळली गेली.

आता बोलायचं होतं. दोन शब्द पुरले असते. सात जण तिच्याकडे नव्हे, काकांकडे बघत होते. ती बोलेपर्यंत काका बोलले, "हो, मीच सांगितला. माझीच चूक गोरधन, वय झालं." त्यांनी घंटा खाली ठेवली, माताजींना हात जोडले. चिमटा आणि भिंग घडीच्या कागदात गुंडाळून शेठच्या पुढ्यात ठेवलं. शेठचे डोळे भरून आले होते. त्यांनी काकांना खाली रिक्षापर्यंत पोचवलं. रसीला माताजींचा फोटो पदराने पुसत राहिली, आधीच पुसलेला.

आठवड्याने खोली पुन्हा रंगवली, या वेळी फोटो उतरवून. शेठनी स्वतः एक नंबरच्या जवळचा रंग आणला. आणि काकांच्या खुर्चीत रसीलाला बसवलं. चौदा वर्षं काकांची आहेस, असं शेठ म्हणाले, दुसरं कोण बसणार? ती बसली. खुर्चीची डावी बाजू झिजून खोलगट झाली होती, कारण काका नेहमी खिडकीकडे कलून बसायचे. तिला सरळ बसताच येत नव्हतं. पुड्या परत येणं थांबलं. लोक म्हणू लागले, डोळे असावेत तर रसीलाबेनसारखे.

घरी, कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांच्या खाली ते पुडकं होतं. सुतळी, वर्तमानपत्र, काकांचं नाव. साडी काढताना हात लागायचा आणि ती हात काढून घ्यायची.

होळी झाली. एके दिवशी मशीनच्या आवाजाचा आधार घेऊन तिने शेठना सगळं सांगितलं. शेठ ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, मोतीबिंदू तर होताच ना. जणू तेच तिला सोडवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावी जा, त्यांना सांग, परत या म्हणावं, खुर्ची तुमचीच आहे.

मे महिन्यात ती लक्झरीने गेली. पुडकं तिने मांडीवर ठेवलं होतं, टपावर दिलं नाही. सकाळी काकांच्या अंगणात पोचली तेव्हा काका बाजेवर बसून पेरणीसाठी शेंगदाणे निवडत होते, चांगले डावीकडे, सुरकुतलेले उजवीकडे. काळा चष्मा नाकावर घसरला होता. काकांच्या पत्नी समजुकाकींनी तिला ओढून आत नेलं, ताक दिलं, सासूचा पाय कसा आहे विचारलं आणि सांगितलं, की काकांच्या उजव्या डोळ्याचं महिन्यापूर्वी करून घेतलं, डाव्याचं दिवाळीनंतर. ऑपरेशन झाल्यापासून म्हातारा सगळ्यांना छळतोय, कालचं दूध निळं आहे म्हणून भांडला.

रसीला बाहेर आली, काकांच्या पायाशी बसली आणि सांगू लागली. बसस्टँडपर्यंत गेल्याचं, परत आल्याचं, फोनवरचं वाक्य, आरतीच्या वेळी गप्प राहिल्याचं. काका शेंगदाणे निवडत राहिले. शेवटी तिने पुडकं पुढे ठेवलं. काकांनी वर लिहिलेलं स्वतःचं नाव वाचलं आणि हसले.

"लक्झरी फारच उशिरा आली म्हणायची," ते म्हणाले.

शेठचा निरोप तिने दिला. काकांनी मान हलवली. म्हणाले, गोरधनला सांग, एक डोळा निळं दाखवतो, एक पिवळं, मी मधे कुठे बसू? शेंगदाण्याला दोन्ही चालतात. तू बस तिथे. नीट बसतेस, मला माहीत आहे.

मग त्यांनी सुतळी सोडली. दोन्ही फळ्या उन्हाआड, कडुनिंबाच्या सावलीत धरल्या. आधी डावा डोळा मिटून उजव्याने, नव्या डोळ्याने, पाहिलं. मग उजवा मिटला आणि डाव्याने पाहिलं. तो डोळा अजून तसाच होता, लाभपंचमीला काका उंबऱ्यात थांबले तेव्हा होता तसा, मोतीबिंदूसकट. जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनी फळ्या खाली ठेवल्या, एकमेकींवर, रंगाच्या बाजू आत.

तिने विचारलं, "काका, त्या दिवशी दारातच तुम्हाला दिसलं होतं का?"

काकांनी शेंगदाण्यांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नेहमीची थट्टाच होती.

"मला विचारायचं होतं, तेव्हा तू विचारलं नाहीस, पोरी. आता काय विचारतेस?"

आणि त्यांनी समजुकाकींना हाक मारून सांगितलं, हिला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

संध्याकाळच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. नाकातली चुनी मावळत्या उन्हात चांगलीच पिवळी झाली असणार, हे तिला न बघता ठाऊक होतं. काकांना त्या दिवशी भिंतीतलं निळं दिसलं नसेल, तर शेठचं खरं, डोळे गेलेच होते, आणि तिचा गुन्हा एका खोट्या वाक्याएवढा. दिसलं असेल, तर तिची चूक स्वतःच्या नावावर घेऊन ते चुकीच्या भिंतीसमोर तीन महिने गप्प बसले होते, रोज एकेक पुडी चुकू देत, ती कधी तोंड उघडते याची वाट बघत. गाव मागे पडलं, कापसाची रिकामी शेतं सुरू झाली, आणि ती दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवून तेच विचारत राहिली: त्या डाव्या डोळ्याला, आज सावलीत, दोन रंग दिसले की एकच?